सरुबाईचं होईपर्यंत

बग क्रमांक ४१.
कळवणारा : अमेरिकेतल्या कुठल्याशा शाळेचा बँडमास्तर.
तक्रार : लांब रेकॉर्डिंग केलं की मध्येच आवाजाचा नखाएवढा तुकडा जातो. कधी जातो, कधी जात नाही.
आपल्याकडे होतं का : नाही.
काय केलं : थांबायची वेळ वीसवरून पन्नास केली.
स्थिती : बंद.

ही नोंद धम्मानंदने जानेवारीत केली, वही मिटली आणि डबा उघडला. डब्यात मेथीची भाजी होती. पुढे कितीतरी दिवस त्याला ही नोंद आठवली की मेथीची भाजीही आठवायची, आणि भूक मरायची.

कंपनीच्या नोंदी कॉम्प्युटरवर इंग्रजीत असत. ही वही त्याची स्वतःची, मराठीत, कारण ऑफिसात शिवराज सोडला तर ती कोणाला वाचता येत नव्हती, आणि शिवराजला वाचायचा कंटाळा होता.

*

तिघे

कंपनी नल्लकुंट्यात होती, एका दातांच्या डॉक्टरच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर. खाली दात कोरल्याचा आवाज, वर सोळा कॉम्प्युटर. नव्व्याण्णव साल होतं. हैदराबादेत ज्याच्या घराला दुसरा मजला होता त्याच्याकडे एखादी सॉफ्टवेअर कंपनी भाड्याने राहत होती. ही कंपनी आवाज रेकॉर्ड करायचा प्रोग्रॅम बनवायची, आणि तो प्रोग्रॅम तीन वर्षं धम्मानंदच्या मानेवर बसला होता.

प्रोग्रॅमच्या पोटात एकाच वेळी तीन कामं चालत. त्यांना थ्रेड म्हणायचे. पहिला ऐकणारा : माइकमधून आलेला आवाज घेऊन एका छोट्या जागेत ओतत राहायचा. दुसरा लिहिणारा : तिथून उचलून डिस्कवर उतरवायचा. तिसरा चित्र काढणारा : त्याच आवाजाची हिरवी रेघ पडद्यावर नाचवायचा, म्हणजे समोर बसलेल्या माणसाला काहीतरी चाललंय असं वाटावं. जागा एक, हात तिघांचे. म्हणून त्या जागेला कुलूप. ज्याच्याकडे किल्ली तो आत, बाकीचे दाराशी.

आवाज मात्र कोणासाठी दाराशी थांबत नाही. तो येतच राहतो.

आतल्याचं काम झालं का हे नीट विचारून मगच पुढे जायला हवं, हे धम्मानंदला कळत होतं. पण तशी व्यवस्था करायची तर आठ-दहा दिवस गेले असते. रोज कुकटपल्लीहून नल्लकुंट्याला दोन बस बदलून येणाऱ्या माणसाकडे आठ-दहा दिवसांचा जोर नव्हता. त्याने लिहून टाकलं : पन्नास थांब, तोवर झालंच असेल. पन्नास म्हणजे एका सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यातले पन्नास.

"झालंच असेल?" शेजारच्या खुर्चीवरून शिवराजने पडद्यात डोकावून विचारलं.

"होतंच तेवढ्यात."

"असंच माझं लग्न झालं, मियाँ. पोरीच्या बापाला वाटलं, ह्याची नोकरी पक्की झालीच असेल."

धम्मानंद हसला नाही. हसायलाही थोडं जास्तीचं काही अंगात लागतं.

*

ऐकणारा

घरी एकच आवाज होता जो थकत नव्हता, आणि तो दिवाळीपासून बसला होता.

धम्मानंदचे वडील, नागोराव. बिलोलीकडून पोरवयात हैदराबादेत आलेले, बालानगरच्या सरकारी कारखान्यात प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांवर, एकोणतीस वर्षं काढलेले. कारखान्याने माणसं कमी करायला काढली तेव्हा स्वेच्छानिवृत्ती नावाचा कागद आला आणि नागोरावांनी त्यावर सही केली. स्वेच्छा कोणाची होती हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मूसापेटच्या छोट्या विहारात मात्र बत्तीस वर्षं दर रविवारी आणि पौर्णिमेला वंदना तेच घेत. ते एक ओळ म्हणत, मग सगळे ती म्हणत. मग पुढची.

विहारात सरुबाई होती. पंच्याहत्तरीची, तोंडात एक दात नाही, बिदरकडची. सगळ्यांचं म्हणून संपलं तरी तिचं चाललेलं असे. शेवटचं अक्षर ती ओल्या लुगड्यासारखं पिळत राही. नागोराव तिच्याकडे बघत उभे राहत. तिचं तोंड मिटलं की मगच पुढची ओळ. तिच्यापायी वंदना दहा मिनिटं लांबायची.

"लांबू द्या की," नागोराव कुरकुरणाऱ्यांना म्हणत. "कुठं गाडी पकडायची हाय?"

मार्चमध्ये दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं, कागदावर गळ्याचं चित्र काढलं आणि त्यातल्या एका भागावर काट मारली. "जान बच जाएगी," ते म्हणाले. "आवाज़ नहीं."

बाहेर येऊन नागोरावांनी चहा मागवला. तो बशीत ओतून फुंकून फुंकून प्याले. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मंगळवारी भरती. म्हणजे रविवारची वंदना होतीय."

धम्मानंदची बायको रेणुका सोबत होती. सासऱ्याला ती मामा म्हणायची. "मामा, गळ्याला आराम द्या म्हणालेत ते."

"गळा मंगळवारी द्यायचाय ना त्यान्ला? रविवारी माझाच हाय."

तेवढ्यात धम्मानंदच्या मनात ते आलं, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत पहिल्यांदा त्याला आपल्या कामाबद्दल बरं वाटलं. आवाज धरून ठेवायचा. आपल्याच प्रोग्रॅमने. पौर्णिमा येतील, रविवार येतील. विहारात बाबांचीच वंदना चालेल.

*

बसमध्ये

रविवारी सकाळी विहारातली वंदना झाली. दुपारी बापलेक बसने नल्लकुंट्याला निघाले. विहारातच का नाही रेकॉर्ड केलं, असं रेणुकाने विचारलं होतं. विहारात पंखा कडकडतो, बाहेर ट्रक, आणि माणसं. धम्मानंदला स्वच्छ आवाज हवा होता. शिवराजने ऑफिसची किल्ली त्याच्या हातात देताना सांगितलं होतं, "साधा टेपरेकॉर्डर बी बाजूला लावून ठेव, बाबा. शंभर टक्के." त्याचा धम्मानंदला राग आला होता. तीन वर्षं ज्याच्यात घातली त्याच्या बाजूला टेप लावायचा?

बसमध्ये नागोरावांनी विचारलं, "तू करायलास काय नेमकं तिथं?"

धम्मानंदने सांगितलं. तिघे, एक जागा, कुलूप, पन्नास. रविवारमुळे बस रिकामी होती आणि त्याने पहिल्यांदाच एवढं सांगितलं.

नागोराव खिडकीबाहेर बघत ऐकत होते. एर्रागड्ड्याचा स्टॉप गेला. मग म्हणाले, "आमच्या प्रेसला दोन बटणं असायची. एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही दाबल्याबिगर दट्ट्या खाली येत नव्हता. का, तर मग तिसरा हात नाही ना माणसाला मधी घालायला."

"तसंच आहे हे."

"तसं कुठं? तुमच्यात अंदाजानं चाललंय. पन्नास म्हणजे झालंच असंल." त्यांनी खोकला गिळला. "आमच्यात अंदाजानं चाललं की बोटं जायची. तुमच्यात काही जात नाही, म्हणून चालतंय."

धम्मानंदला ते लागलं, पण बाप परवा गळा द्यायला निघालेला.

नागोरावांनीच विषय बदलला. प्रेस शॉपमध्ये एवढा गोंगाट की बोलणं ऐकू येत नसे. सगळं हातांनी चालायचं. त्यांनी करून दाखवलं. पंजा वर उभा : थांब, आत हात हाय. पंजा खाली : चालू दे. आणि एका तळव्यावरून दुसरा तळवा झटकला, पिठाचे हात झटकावेत तसा. "हे म्हणजे मोकळा ठोका. दट्ट्या आला, पण खाली पत्राच नव्हता. कुणाला लागलं नाही, काही बिघडलं नाही. पुढचा पत्रा लाव."

"किती पडायचे असे?"

"दिसाला धा-वीस. त्याला कोण रडायलंय."

*

चित्र काढणारा

ऑफिसच्या कोपऱ्यात गाद्या लावून केलेली एक खोली होती. तिथे माइक, कॉम्प्युटर, एक खुर्ची. पंखा बंद करावा लागे. नागोराव पांढऱ्या सदऱ्यात ताठ बसले. धम्मानंदने बटण दाबलं आणि मान हलवली.

नागोरावांनी पहिली ओळ म्हटली आणि थांबले. थांबून राहिले. आणखी थांबले.

"बाबा, पुढची."

"लोकं कुठंयत? कुणाचं झालं ते कसं कळणार मला?"

"लोक नंतर म्हणतील. मधली जागा मी टाकतो ना. प्रत्येक ओळीनंतर सारखी."

"सारखी?" नागोरावांनी त्याच्याकडे बघितलं. "तू कसं ठरवणार?"

"मोजून."

नागोरावांनी पुन्हा सुरू केलं. पण गादीच्या भिंतींकडे बघून म्हणताना त्यांना जमत नव्हतं. आवाज कोरडा यायला लागला, ओळी पडायला लागल्या, हात मांडीवर काहीतरी शोधायला लागला. दोन मिनिटांनी धम्मानंदने थांबवलं, तेवढं ऐकून बघितलं. स्वच्छ. एक कण गेलेला नाही. पण बाप थकला होता, आणि आजच्याशिवाय दिवस नव्हता.

मग त्याला सुचलं. चित्राची छोटी पट्टी त्याने ओढून अख्ख्या पडद्याएवढी केली आणि पडदा बापाकडे वळवला.

"हे बघा. हा तुमचा आवाज."

नागोरावांनी हळूच "जय भीम" म्हटलं. पडद्यावर हिरवा डोंगर उठला आणि सरकत गेला. त्यांनी खाकरलं, काटे उठले. ते पुढे वाकले आणि त्यांच्या चेहऱ्यावर

*

लिहिणारा

बग क्रमांक ४१. पुन्हा उघडला.
कळवणारा : मी.
तक्रार : सत्तावीस मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये अकरा ठिकाणी आवाज गेला आहे. पहिल्या दोन मिनिटांत एकही नाही.
आपल्याकडे होतं का : हो.

ही नोंद ऑपरेशननंतर पाचव्या दिवशीची. तोवर कोणी ते रेकॉर्डिंग ऐकलंच नव्हतं. रविवारी रेकॉर्डिंग संपेपर्यंत नागोरावांचा गळा संपूर्ण बसला होता, घाईने बस गाठायची होती. मंगळवारी भरती, बुधवारी ऑपरेशन. ते नीट पार पडलं. गळ्याला खाली एक भोक, त्यातून श्वास, वर पांढरी जाळी. शुद्धीवर आल्यावर नागोरावांनी रेणुकेकडे बघून पंजा खाली केला. तिला काय ते कळेना. मग तिने खिडकीकडे, नळीकडे, पाण्याकडे बोट दाखवून दाखवून एकेक खूण शिकून घेतली; तीन दिवसांत सासरा-सून हातांनी भांडायलाही लागले. धम्मानंद स्टुलावर बसून पाटी-पेन्सिल पुढे करायचा. नागोराव ती बाजूला सारायचे.

रविवारी दुपारी, गोंगाट नसलेल्या बसमध्ये, बापाने हात शिकवायला काढले होते ते कशासाठी, हे त्याच्या ध्यानात यायला ते स्टुलावरचे दिवस जावे लागले.

ऑफिसात त्याने कानाला हेडफोन लावले आणि तिसऱ्या मिनिटाला पहिला खड्डा आला. वंदनेतल्या "दुतियम्पि", म्हणजे दुसऱ्यांदा, या शब्दातला "ति" नव्हता. "दु" आणि "यम्पि" एकमेकांना येऊन भिडले होते, मध्ये कोणी नव्हतंच अशा थाटात. एवढंच. दुसरा कोणी असता तर त्याला वाटलं असतं, म्हातारा अडखळला. पण नागोराव बत्तीस वर्षांत अडखळले नव्हते.

त्याने अकराच्या अकरा मोजले. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवले. खाली डॉक्टर कोणाचा तरी दात कोरत होता.

कारण शोधायला त्याला अर्धा तास लागला. जानेवारीत तीन आठवडे शोधून सापडलं नव्हतं. चित्राची पट्टी छोटी ठेवली की काही होत नव्हतं. ती पडद्याभर केली की चित्र काढणाऱ्याला वेळ लागायचा, आणि तेवढा वेळ तो किल्ली हातात घेऊन आत बसायचा. ऐकणारा दाराशी. पन्नास संपायचे. आवाज आला, दाराशी कोणी घेईना, पुढे निघून गेला. अमेरिकेतला तो बँडमास्तर पोरांना मोठं चित्र दाखवत असणार.

धम्मानंदनेही दाखवलं होतं. वर जे वाक्य अर्धवट राहिलं ते असं होतं : ते पुढे वाकले आणि त्यांच्या चेहऱ्यावर पुढची पंचवीस मिनिटं हसू होतं. समोर हिरवे डोंगर उठत होते आणि ते डोंगरांना वंदना देत होते, लोकांना द्यावी तशी. इतकं सुंदर त्यांनी कधी म्हटलं नव्हतं. आणि डोंगर काढण्याच्या नादात यंत्र ते ऐकायचं विसरत होतं.

*

प्रोजेक्ट बघणाऱ्या पद्मजा मॅडम त्याच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"ये फोर्टीवन तुम बंद किए थे ना, धम्मानंद?"

"हां मॅडम."

"फिर कैसे खुला? क्लायंट तो चुप है."

"घर के काम में हुआ."

"घर में स्टुडिओ खोल लिए क्या?" त्या हसल्या. मग त्याचा चेहरा बघून हसणं आवरलं. "सब ठीक है ना? फादर का ऑपरेशन था बोले थे."

"ठीक है, मॅडम."

"कितना टाइम?"

"दस दिन. इस बार अंदाज़े से नहीं करता."

त्या काय समजल्या कोण जाणे, पण दहा दिवस मिळाले. धम्मानंदने आठच घेतले. चित्र काढणाऱ्याला त्याने आवाजाची वेगळी प्रत दिली, बाहेर बसून काढ म्हणून. आतल्या जागेशी त्याचा संबंध तोडला. पन्नास खोडले. लिहिणाऱ्याने ऐकणाऱ्याचा इशारा येईपर्यंत थांबायचं, आला की उचलायचं, अंदाज नाही. दिवसभर पडद्याभर चित्र लावून त्याने तासन् तास रेकॉर्डिंग केलं : पंखा, दाताचं यंत्र, शिवराजची शिट्टी. एक कण गेला नाही. त्याने जानेवारीतच हे केलं असतं तर, हा विचार त्याने त्या आठ दिवसांत इतक्यांदा केला की शेवटी त्यालाही काही चव राहिली नाही.

दुरुस्त झालेला प्रोग्रॅम मागे जाऊन काही ऐकत नाही.

शिवराजला सगळं समजलं होतं. टेपची आठवण त्याने काढली नाही. बोलून मोकळा झाला असता तर बरं, असं धम्मानंदला वाटत होतं. शिवराजने नुसता चहा आणून ठेवला आणि म्हणाला, "त्या वंदनेत एकच शब्द पुन्हा पुन्हा येतोय की रे. तिथला उचलून इथं चिकटव."

तेही केलं. पुढच्या ओळीतला "ति" कापून या ओळीत बसवला. चिकटवलेला "ति" जरा वरच्या सुरात लागायचा, जुन्या सदऱ्याला नव्या कापडाचं ठिगळ असावं तसा. पण अक्षर होतं. असे नऊ खड्डे बुजले. दोन राहिले. ते ज्या शब्दांत होते ते शब्द सत्तावीस मिनिटांत एकदाच येत होते, आणि ते पुन्हा म्हणणारं आता कोणी नव्हतं.

मग त्याने प्रत्येक ओळीनंतर चार सेकंदांची जागा टाकली. सगळीकडे चारच. मोजून.

*

सगळे

बुद्धपौर्णिमेला उकाडा एवढा होता की मेणबत्त्या लावायच्या आधीच वाकल्या होत्या. मूसापेटचं विहार म्हणजे एक लांबट खोली. पन्नासेक माणसं पांढऱ्या कपड्यांत मांडी घालून बसली होती. पुढे मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि स्टुलावर विहाराचा जुना टेप. धम्मानंदने रेकॉर्डिंग कॅसेटवर उतरवून आणलं होतं. नागोराव नेहमीच्या जागी, सगळ्यांच्या पुढे, पण आज तोंड लोकांकडे करून बसले होते. गळ्याला पांढरा रुमाल.

दोन खड्ड्यांबद्दल धम्मानंदने त्यांना सांगितलं नव्हतं. रोज सांगायचं ठरवायचा, आणि रोज घरी पोचेपर्यंत इतका दमलेला असायचा की उद्यावर टाकायचा. आता उद्या उरला नव्हता. पहिला बाराव्या मिनिटाला होता.

सरुबाई पहिल्या रांगेत येऊन बसली. टेपकडे बघून तिने विचारलं, "नागोराव ह्याच्यात हायेत?"

"आवाज आहे, आजी," धम्मानंद म्हणाला.

"मग हे कोण बसलंय?" तिने नागोरावांकडे हात केला. माणसं हसली. नागोरावांचे खांदे हलले. तेही हसत होते.

टेप सुरू झाला. खोलीत नागोरावांचा आवाज भरला, घोगरा, पण दिवाळीआधीच्याच तोऱ्यात. कोणीतरी नाक ओढलं. ओळ संपली, माणसांनी ती म्हटली, आणि सरुबाईचं शेवटचं अक्षर चालू असतानाच दुसरी ओळ तिच्यावर येऊन पडली.

ती दचकली. पुढच्या ओळीला तिने घाई केली. शब्द तोंडात अडकले. टेप पुढे गेला. तिसऱ्या ओळीला तिने अर्ध्यातच सोडलं. चौथीला तिने म्हटलंच नाही. पदर तोंडाला लावून नुसती टेपकडे बघत राहिली, चूक तिचीच असल्यासारखी. नागोरावांनी, म्हणजे त्या आवाजाने, तिला आजवर कधी मागे टाकलं नव्हतं.

धम्मानंदला ते दिसत होतं आणि त्याचा हात हलत नव्हता. चार सेकंद. चार, चार, चार.

तेव्हा नागोरावांनी पंजा वर उभा केला.

धम्मानंद बघत राहिला. मागून रेणुकेचा आवाज आला, दबका पण कडक : "अहो, थांबा म्हणतायत." थांब, आत हात हाय : बसमधलं त्याला आठवलं.

त्याने थांबवायचं बटण दाबलं. बाहेर एक ट्रक गेला. नागोरावांनी दोन बोटांनी उलटं चाक फिरवल्यासारखं केलं, ते त्याला सांगावं लागलं नाही. त्याने कॅसेट मागे नेली, अगदी सुरुवातीला.

पहिली ओळ. पंजा वर. धम्मानंदने बटण दाबलं. माणसांनी म्हटली. सरुबाईने म्हटली, तिचं शेवटचं अक्षर पिळून पिळून संपवलं, तोंड मिटलं. पंजा खाली. बटण सुटलं.

दुसरी ओळ. पंजा वर.

पाच-सहा ओळींनंतर धम्मानंदने टेपच्या आकड्यांकडे बघणं सोडलं. बाप सरुबाईच्या तोंडाकडे बघत होता आणि तो बापाच्या हाताकडे. जुनं बटण कडक होतं, अंगठा दुखायला लागला. पाठीतून घाम वाहत होता. एका ओळीला सरुबाईला खोकला आला. पंजा वरच राहिला, पन्नास माणसं थांबली, कोणी कुरकुरलं नाही.

आणि मग तो शब्द आला. त्याचं मधलं अक्षर नव्हतं. खड्डा एवढासा, पण या खोलीत धम्मानंदला तो विहिरीएवढा ऐकू आला. माणसांनी शब्द पूर्ण म्हटला. बत्तीस वर्षांची सवय. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

एकाच्या आलं. नागोरावांनी मान वळवून मुलाकडे बघितलं. स्वतःचा आवाज त्यांना पाठ होता. तिथं काय होतं आणि काय नाही हे त्यांना सांगावं लागणार नव्हतं. धम्मानंदने खाली बघितलं नाही. एवढंच त्याच्याने झालं.

नागोरावांनी एका तळव्यावरून दुसरा तळवा झटकला. पिठाचे हात झटकावेत तसा.

मग पंजा पुन्हा वर गेला, कारण सरुबाईचं अजून व्हायचं होतं.